सिगारच्या खोक्यांची लॅब करून त्याने शोधलं, इमारती खचतात का आणि डोंगर घसरतात का

१८ ऑक्टोबर १९१३. कॅनडातल्या विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना नावाची जागा आहे. तिथे गहू साठवायला काँक्रीटचं एक अवाढव्य कोठार नुकतंच बांधून झालं होतं. रिकाम्या कोठाराचंच वजन २० हजार टन. त्यात धान्य भरायला सुरुवात झाली होती.

त्या दिवशी दुपारी अख्खी इमारत जमिनीत बसायला लागली. तासाभरात ती फूटभर खाली गेली, मग एका बाजूला कलली. दुसऱ्या दिवशी लोक बघायला आले तेव्हा कोठार सुमारे २७ अंशांनी कलंडलेलं होतं.

गंमत म्हणजे कोठार फुटलं नाही. पुढे ते रिकामं केलं, पायाखाली खोदून थेट खडकापर्यंत खांब नेले आणि इमारत चक्क सरळ केली. म्हणजे सिमेंट चांगलं होतं, लोखंड चांगलं होतं, बांधकामही चांगलं होतं. दगा दिला तो खालच्या मातीने. वरचा थर घट्ट, पण त्याखाली मऊ चिकणमाती होती आणि तिला एवढं ओझं पेलवलं नाही.

त्या काळात जगभर हेच चाललं होतं. पनामा कालव्यात कुलेब्रा नावाच्या खिंडीत डोंगर पुन्हा पुन्हा घसरत होते. कालवा सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९१५ मध्ये, दरडींमुळे तो कित्येक महिने बंद ठेवावा लागला. स्वीडनमध्ये रेल्वेखालची जमीन वाहून जात होती, म्हणून तिथल्या सरकारी रेल्वेने खास समिती नेमली होती.

पुलाला किती लोखंड लागेल याचं गणित तेव्हाच्या इंजिनिअरांना पाठ होतं. पण पूल ज्या जमिनीवर उभा राहणार ती किती ओझं पेलेल, हे विचारलं की सगळा कारभार अंदाजपंचे. शेजारच्या इमारतीला जेवढा पाया घेतला तेवढाच आपणही घ्यायचा आणि देवावर हवाला ठेवायचा.

हा अंदाज मोडून काढला तो एका माणसाने. त्याचं नाव कार्ल तेर्झागी. आज भूतांत्रिक अभियांत्रिकी, म्हणजे जिओटेक्निकल इंजिनिअरिंग नावाची जी शाखा आहे, तिचा जनक त्यालाच मानतात.

कार्लचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्राग शहरातला. आज प्राग चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करात अधिकारी. मुलानेही सैन्यात जावं म्हणून त्याला लष्करी शाळेत घातलं. पण पोराचं लक्ष कवायतीपेक्षा गणितात आणि भूगोलात जास्त.

पुढे तो ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिथे साहेबांनी अभ्यास कमी आणि उद्योग जास्त केले. वेळ अशी आली की कॉलेज त्याला काढून टाकायला निघालं होतं. एका प्राध्यापकाने बाजू लावून धरली म्हणून तो वाचला आणि १९०४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला.

पण मेकॅनिकलमध्ये त्याचा जीव रमला नाही. त्याला ओढ होती भूशास्त्राची. वर्षभराच्या सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने भूशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत आणलं. नंतर बांधकाम कंपनीत नोकरी धरली. क्रोएशियात जलविद्युत प्रकल्प, रशियात सेंट पीटर्सबर्ग, अशी साइटवरची कामं केली.

साइटवर त्याला एकच गोष्ट परत परत दिसायची. काँक्रीटचं गणित बरोबर यायचं, जमिनीचं चुकायचं.

हे असं का होतं याचं उत्तर शोधायला तो १९१२ मध्ये अमेरिकेला गेला. पश्चिम अमेरिकेत तेव्हा मोठमोठ्या धरणांची कामं निघाली होती. कार्लचा हिशोब साधा होता. धरणाच्या साइट फिरायच्या, तिथल्या खडकांची आणि मातीची माहिती गोळा करायची, कुठे काय बिघडलं ते लिहून काढायचं. एवढी माहिती जमली की त्यातून नियम सापडेल.

नियम काही सापडला नाही. माहितीचे ढीग जमले, पण भूशास्त्रज्ञ मातीला जी नावं देत होते त्यावरून ती माती ओझ्याखाली कशी वागेल हे कळत नव्हतं. दोन ठिकाणची माती, दोन्हींचं नाव चिकणमाती. एकीवर इमारत ठणठणीत उभी, दुसरीवर खचलेली. १९१३ च्या अखेरीस तो निराश होऊन परतला. पण एक धडा मिळाला होता. मातीला नाव देऊन भागणार नाही, तिचे गुण आकड्यात मोजावे लागतील.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. कार्ल सैन्यात गेला, सर्बियाच्या आघाडीवर लढला, नंतर विमानतळाचं काम पाहिलं. १९१६ मध्ये त्याला इस्तंबूलला धाडलं. ऑटोमन साम्राज्य युद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने होतं आणि तिथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला शिक्षक हवे होते.

१९१८ मध्ये युद्ध संपलं. ऑस्ट्रिया आणि तुर्क दोघंही हरले होते. शत्रूचं सैन्य इस्तंबुलात आलं आणि कार्लची नोकरी गेली. वय ३५, देश मोडलेला, खिशात पैसे नाहीत. शेवटी त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन संस्थेने त्याला शिकवायला घेतलं.

आणि तिथे खरी गोष्ट सुरू झाली.

मातीचे गुण मोजायचे तर लॅब हवी. लॅबला पैसे नव्हते. मग पठ्ठ्याने सिगारची रिकामी खोकी घेतली, कॉलेजच्या भंगारातून पत्रे आणि तुकडे उचलले आणि स्वतःच उपकरणं जोडली. वाळू खोक्यात भरायची, एक भिंत हळूच सरकवायची आणि वाळू भिंतीला किती जोराने ढकलते ते मोजायचं. असे प्रयोग सुरू झाले.

वाळूचं गणित तसं आधीही थोडंफार माहीत होतं. चार्ल्स कुलोम या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १७७६ मध्येच माती भिंतीला किती रेटा देते याचं सूत्र मांडलं होतं. अडचण होती ओल्या चिकणमातीची. जगातली अनेक मोठी शहरं नदीकाठी किंवा समुद्राकाठी वसलेली. तिथे खाली असते तीच चिकणमाती, पाण्याने गच्च भरलेली.

कार्लने चिकणमातीची चकती एका धातूच्या कड्यात बसवली. वर आणि खाली पाणी झिरपू शकेल असे सच्छिद्र दगड ठेवले. वरून वजन दिलं आणि चकती किती दबते ते घड्याळ लावून मोजत बसला.

चकती लगेच दबली नाही. ती हळूहळू, तासन् तास दबत राहिली. का?

हे समजून घ्यायला श्रीखंडाचा चक्का आठवा. दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की ते लगेच घट्ट होत नाही. पाणी थेंब थेंब निथळत राहतं आणि सकाळपर्यंत आत चक्का तयार होतो. आकार कमी झालेला असतो, कारण पाणी निघून गेलेलं असतं.

पाण्याने भरलेल्या चिकणमातीचं अगदी असंच होतं. माती म्हणजे कण आणि कणांमधल्या फटी. फटीत पाणी. वर इमारत बांधली की तिचं ओझं सुरुवातीला कणांवर येतच नाही, ते फटीतलं पाणी उचलतं. पाण्यावर दाब आला की ते बाहेर पळायला बघतं. वाळूतून ते झटकन पळतं. चिकणमातीच्या फटी मात्र इतक्या बारीक असतात की त्याला वाट सापडायला महिने, वर्षं, कधी दशकं लागतात. जसजसं पाणी निघतं तसतसं ओझं कणांवर येतं, कण जवळ सरकतात आणि वरची इमारत खचत जाते.

यातून कार्लने एक साधा पण जबरदस्त नियम मांडला. जमिनीवर आलेल्या एकूण दाबातून फटीतल्या पाण्याचा दाब वजा करा. जे उरतं तेवढाच दाब मातीचे कण खऱ्या अर्थाने एकमेकांना देत असतात आणि मातीची ताकद त्यावरच ठरते. याला म्हणतात इफेक्टिव्ह स्ट्रेस, मराठीत परिणामी दाब.

पाणी किती वेगाने निघेल याचंही त्याने गणित बसवलं. तापलेल्या धातूतून उष्णता कशी पसरते याचं समीकरण तेव्हा माहीत होतं. कार्लच्या लक्षात आलं की मातीतला पाण्याचा दाब तशाच रीतीने ओसरतो. १९२३ मध्ये त्याने ते समीकरण छापलं. त्यातून कळलं की चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल तर खचायला वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो.

म्हणजे लॅबमध्ये बोटभर जाडीच्या चकतीवर प्रयोग करायचा आणि त्यावरून खालचा दहा मीटरचा थर किती वर्षांत किती खचेल ते सांगायचं. इमारत बांधायच्या आधी. हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

१९२५ मध्ये व्हिएन्नात त्याचं जर्मन पुस्तक आलं. मातीचं भौतिकशास्त्र धरून बांधकाम कसं करायचं, हा त्याचा विषय. सॉइल मेकॅनिक्स हे शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या एमआयटीने त्याला बोलावून घेतलं. बारा वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने परतलेला माणूस आता तिथे प्राध्यापक म्हणून गेला. तिथेच आर्थर कासाग्रांदे हा त्याचा मदतनीस तयार झाला, जो पुढे स्वतः या विषयातला मोठा माणूस ठरला. हार्वर्डमध्ये भूशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या रूथ डॉगेटशीही त्याची ओळख अमेरिकेत झाली. १९३० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि रूथ पुढे त्याच्या कामातही भागीदार झाली.

१९२९ मध्ये तेर्झागी व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९३६ मध्ये हार्वर्डला या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली. वीस देशांतून दोनशेवर लोक आले आणि अध्यक्षपदी अर्थातच तेर्झागी.

पण त्याच वर्षी व्हिएन्नात एक वाद पेटला, जो फार वाईट वळणावर गेला.

त्याच विद्यापीठात पाउल फिलुंगर नावाचे प्राध्यापक होते. सच्छिद्र पदार्थातल्या पाण्याच्या दाबावर त्यांनी तेर्झागीच्याही आधी काम केलं होतं. तेर्झागीचं गणित कच्चं आहे आणि त्यावर भरवसा ठेवून बांधकामं करणं धोक्याचं आहे, असं त्यांचं मत. त्यांनी एक पुस्तिका छापली आणि तिच्यात शास्त्राबरोबर तेर्झागीच्या सचोटीवरही हल्ला चढवला. तेर्झागी आणि त्याचा सहकारी ओटो फ्रोलिश यांनी उत्तर छापलं. प्रकरण विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे गेलं आणि कौल तेर्झागीच्या बाजूने लागला.

मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

तेर्झागीचं सूत्र बरोबरच होतं, आजही जगभर तेच वापरतात. पण फिलुंगरही पोकळ माणूस नव्हते. सच्छिद्र पदार्थांच्या शास्त्रात त्यांनी त्या वादात मांडलेलं काही गणित काळाच्या पुढचं होतं, हे अभ्यासकांनी अनेक दशकांनंतर मान्य केलं. शास्त्रातला वाद माणसांच्या अब्रूवर गेला आणि दोन जीव गेले.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. तेर्झागी अमेरिकेला निघून गेला आणि हार्वर्डमध्ये शिकवू लागला.

तेव्हा शिकागोत भुयारी रेल्वे खणायची होती. शहराखाली मऊ चिकणमाती, वर उंच जुन्या इमारती. बोगदा खणला की आजूबाजूची माती आत सरकणार, वरचा रस्ता खचणार आणि इमारतींना तडे जाणार. तेर्झागीने शिकागोत भाषण देऊन हा धोका समजावून सांगितला. शहराने त्यालाच सल्लागार नेमलं. त्याची अट होती की साइटवर मातीची लॅब हवी आणि मोजमाप रोज झालं पाहिजे. हे काम राल्फ पेक या तरुण इंजिनिअरकडे आलं.

पेकची माणसं बोगद्यात माती किती सरकली, वर रस्ता किती खचला हे रोज टिपायची आणि त्यावरून खोदकामाची पद्धत बदलायची. यातून एक कामाची रीत तयार झाली. आधी गणित मांडायचं, मग काम सुरू असताना जमीन काय करते ते मोजत राहायचं आणि गणित चुकलं तर डिझाइन बदलायचं. आज तिला ऑब्झर्वेशनल मेथड म्हणतात. १९४८ मध्ये तेर्झागी आणि पेक यांनी मिळून सॉइल मेकॅनिक्स इन इंजिनिअरिंग प्रॅक्टिस हे पुस्तक लिहिलं. इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

ज्याने समीकरण दिलं तोच माणूस समीकरणावर आंधळा विश्वास ठेवू नका, असं आयुष्यभर बजावत राहिला. कारण काँक्रीट आपण बनवतो, त्याचे गुण आपल्या हातात असतात. जमीन निसर्गाने बनवलेली असते. दहा फुटांवर ती बदलते.

१९५० मध्ये त्याने दरडींवर एक निबंध लिहिला. पावसाचं पाणी मातीत तेलासारखं काम करतं, ती निसरडी होते म्हणून डोंगर घसरतो, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. तेर्झागीने दाखवलं की कारण वेगळं आहे. पाऊस मुरतो, फटीतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांवर जे घट्ट दाबलेले असतात ती पकड सैल होते. डोंगराचं वजन तेवढंच, पण त्याला धरून ठेवणारं घर्षण कमी.

दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात दरडी कोसळतात, त्यामागे मुख्यतः हेच असतं. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव मुसळधार पावसात डोंगराखाली गेलं आणि सुमारे दीडशे माणसं दगावली. घाटातल्या संरक्षक भिंतींना आरपार पाइप बसवलेले तुम्ही पाहिले असतील. भिंतीमागचं पाणी काढून टाकायचं, म्हणजे दाब साठत नाही, एवढंच त्यांचं काम. बिनमहत्त्वाचे वाटणारे ते पाइप बुजले तर भिंत कितीही जाड असली तरी भरवसा नाही.

उतारवयातही तेर्झागी स्वस्थ बसला नाही. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचा तो अध्यक्ष होता. पुढे धरणाचं काम रशियन इंजिनिअरांकडे गेलं. त्यांच्याशी पटेना, तेव्हा १९५९ मध्ये त्याने राजीनामा दिला.

त्याच सुमारास कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये मिशन धरणाचं काम चालू होतं. जागा अशी, की खाली खडकाऐवजी हिमनदीने आणलेला गाळ आणि मऊ चिकणमाती. तेर्झागीने जमीन दबणार हे गृहीत धरून, त्या दबण्याबरोबर जुळवून घेईल असं मातीचं धरण आखलं. ज्या देशात जमिनीने दगा दिल्यामुळे ट्रान्सकोनाचं कोठार कलंडलं होतं, त्याच देशात हे धरण त्याहून अवघड जागेवर उभं राहिलं.

२५ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या विंचेस्टर गावी वयाच्या ८० व्या वर्षी तेर्झागी वारला. १९६५ मध्ये मिशन धरणाचं नाव बदलून तेर्झागी धरण ठेवलं.

त्याचं शास्त्र किती कामाला येतं हे बघायचं तर जपानचा कान्साई विमानतळ बघा. ओसाकाच्या उपसागरात मऊ चिकणमातीवर भराव टाकून कृत्रिम बेट बनवलं आणि १९९४ मध्ये त्यावर विमानतळ सुरू झाला. ते बेट आजवर दहा मीटरहून जास्त खचलंय, अंदाजापेक्षाही जास्त. पण खचणार हे आधीच माहीत होतं. म्हणून टर्मिनलच्या खांबांखाली जॅक बसवलेत. जमीन बसली की खांब उचलायचे. विमानं चालू आहेत. मुंबईत कुलाबा ते आरे भुयारी मेट्रो खणली तेव्हाही मार्गावरच्या जुन्या इमारतींवर उपकरणं लावून त्या हलतात का हे मोजत होते. शिकागोची रीत, शहर आपलं.

तुम्ही फ्लॅट बघायला जाता तेव्हा टाइल्स, किचनचा ओटा, गॅलरीतून दिसणारा व्ह्यू सगळं बघता. बिल्डरला सॉइल टेस्टिंगचा रिपोर्ट क्वचितच कुणी मागतं. जागेवर बोअर मारून मातीचे नमुने काढतात आणि ते लॅबला पाठवतात. खाली चिकणमाती लागली तर तिच्या चकतीवर वजन ठेवून ती किती दबते ते बघतात. ही चाचणी मुळात तीच आहे, जी एका बेकार झालेल्या प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी इस्तंबुलात भंगारातल्या वस्तूंच्या लॅबमध्ये सुरू केली होती. पुढच्या वेळी टाइल्सच्या आधी तो रिपोर्ट मागा.